पालीला सोबत

मिरजोळ्याच्या कारखान्यातून मी जेवणाच्या डब्यात घालून एक पाल घरी आणली. आमच्या पडवीतल्या पालीला सोबत हवी म्हणून.

डबा बायकोने त्याच संध्याकाळी आवाराच्या दगडी गडग्यापलीकडे भिरकावला. मी वजनाने जड, म्हणून घरात राहिलो. तेव्हापासून भाकरी कागदात गुंडाळून नेतो.

आमची पाल पडवीतल्या ट्यूबमागे राहायची. दिवेलागणीला ट्यूब फडफडून पेटली की आधी नाक, मग डोळे, मग सावकाश सगळी ती. कारखान्यात इतक्या वेळेवर कोणी येत नाही, मीसुद्धा नाही. दिव्यावर येणारं एखादं पाखरू ट्यूबभोवती घिरट्या घालत असायचं आणि ही भिंतीवरच्या डागासारखी निश्चल. फक्त शेपटाचं टोक किंचित हलायचं. मग पाखरू नसायचंच. ते कधी गेलं हे मला एकदाही दिसलं नाही, आणि मी तर तेवढंच बघायला खुर्ची टाकून बसायचो.

थंडीत पाखरं कमी झाली. पाल मला रोडावल्यासारखी वाटली. मी मिरकरवाड्याच्या मासळीबाजारातून सुका जवळा आणला आणि झाडूच्या हिराला टोचून तिच्यापुढे धरला. रत्नागिरीत राहून जवळ्याला नाही म्हणणारं कोणी असेल, हे माझ्या डोक्यातच आलं नाही. तिने माझ्याकडे बघितलं, जिभेने स्वतःचा डोळा पुसला आणि ट्यूबमागे गेली. शेजारचे काका, जन्म बोटीवर काढलेले, गडग्यावरून ओरडले, "काय रे, नैवेद्य दाखवतोस?"

"जेवत नाही हो काका."

"मेलेलं कशाला खाईल? तिला हलणारं लागतं."

मी जवळा दोऱ्याला बांधून हलवला. तिने झेप घेतली, तोंडात धरला आणि थुंकला. अन्न जात नाही म्हणजे एकटेपणा असणार, असं निदान मी केलं. पुढचं डब्याचं सांगितलंच.

नवीला ट्यूबखाली सोडली. आमची चारी पायांवर उंच झाली, पाठ फुगवली, तोंड उघडलं आणि चुकचुकायला लागली. मला वाटलं, स्वागत करतेय. पुढच्या क्षणी दोघी एकमेकींच्या जबड्यात अडकून थप्पकन लादीवर पडल्या. आमची सुटून वाशाच्या फटीत शिरली. शेपूट मात्र लादीवरच राहिलं, एकटंच वळवळत. नवी भिंत चढून ट्यूबमागे जाऊन बसली, जणू तिथेच जन्मली.

मी मोबाइलवर वाचलं: पाल चरबी साठवते ती शेपटात. म्हणजे अडीअडचणीची शिदोरी गेली, जागा गेली, आणि दिवस थंडीचे. ती आता उपाशी मरणार होती, आणि ते माझ्यामुळे. त्या दिवशी जेवण मलाही गेलं नाही.

"एका होडीच्या सुकाणूवर दोन तांडेल बसवलेस तू," काका म्हणाले. "मारामारी नाही तर काय भजन करतील?"

दुसरी होडी द्यायला हवी होती. पडवीच्या दुसऱ्या टोकाला, मधल्या खांबाच्या आड, मी एक बल्ब टांगला. संध्याकाळी ट्यूब बंद, बल्ब चालू, म्हणजे पाखरं तिकडे जातील. आणि मी काळोखात खुर्चीवर. आल्यागेल्याला बायको सांगायची, "आत या. यांच्याकडे लक्ष नका देऊ, पालीचं जेवण चाललंय."

बरेच दिवस कोणी जेवायला आलं नाही. मग एकदा वाशातून नाक दिसलं. बरगड्या मोजाव्यात अशी झालेली, मागे नुसतं थोटूक. उडी मारताना तोल गेला, पाखरू सुटलं. ती परत तिथेच डाग होऊन बसली. शेपूट नाही, तर हलवायला टोकही नाही, पण धीर तोच. दुसरं पाखरू तिच्या तोंडात गेलं तेव्हा मी टाळी वाजवणार होतो. ती पळेल म्हणून हात मांडीखाली दाबून धरले.

मग मी वेळा चुकवल्या नाहीत. थोडा वेळ बल्ब, मग थोडा वेळ ट्यूब, कारण नवीही उपाशी नको. तिला आणणारा मीच. थोटकाला नवं शेपूट फुटलं, आखूड, गुळगुळीत, भलत्याच रंगाचं, सदऱ्याला दुसऱ्याच कापडाचं ठिगळ लावावं तसं. ते बिचकत वागवायची नाही ती. मिरवायची.

आणि एका दिवेलागणीला ट्यूब लावली तर तिच्यामागून ओळखीची चुकचुक. ठिगळाचं शेपूट बाहेर लोंबत होतं. नवी निमूटपणे भिंतीच्या कडेने बल्बाकडे निघाली होती. तेव्हापासून मधला खांब ही हद्द. दोघींपैकी कोणी ती ओलांडत नाही.

मी बायकोला हाताला धरून पडवीत आणलं. "बघ! सगळं गेलं होतं तिचं. जागा परत घेतली, शेपूट परत आणलं. आहे की नाही कमाल?"

तिने पालीकडे बघितलं, बऱ्याच कौतुकाने. मग माझ्याकडे.

"तिचं आलं हो परत. तुमची अक्कल कधी यायची?"