सात लाल टॅग

पुस्तकं परत यावीत म्हणून मी लोकांच्या मागे लागते, फोन करते, तरी येत नाहीत. किस्से मात्र न बोलावता लायब्ररीत येऊन बसतात! चिखलीच्या पुढे, चाकणकडे जाणाऱ्या रस्त्याला आमचं इंजिनिअरिंगचं विद्यापीठ आहे आणि मी तिथली ग्रंथपाल. पीएचडीच्या प्रबंधात ढापलेला मजकूर किती, हे पकडणारं सॉफ्टवेअर माझ्या टेबलावर असतं. त्यामुळे कँटीनमध्ये मी दिसले की चार जण चहा तसाच सोडून उठतात.

आमच्याकडे संशोधनातल्या सचोटीसाठी एक समितीही आहे. मेकॅनिकलचे हेड सोनवणे सर अध्यक्ष, मी सचिव आणि वर्कशॉपचे बबनमामा सदस्य. मामा मूळ चिखलीचे. पंचवीस वर्षं एका कंपनीच्या क्वालिटी खात्यात काढली, आता आमच्या लेथ मशीन सांभाळतात. समितीत त्यांना का घेतलं? तिसरं कुणी तयार होईना म्हणून!

*

एकाने चाकणच्या कारखान्यांतल्या गंजावर प्रबंध आणला. मध्येच एक वाक्य आलं, 'समोरच्या समुद्रावरून येणाऱ्या खाऱ्या वाऱ्यामुळे पत्रे लवकर गंजतात.'

"अरे बाबा, चाकणला समुद्र कुठाय?"

त्याने घाम पुसला. "आहे मॅडम... म्हणजे, जरा लांब आहे."

मामा शेजारीच पेपर वाचत बसले होते. त्यांनी पेपर खाली ठेवला.

"आमी जन्मापासनं हितंच हाय, आमाला कुणी बोललंच न्हाई! आधी सांगायचं ना भावा, जमीन सी-व्ह्यूच्या रेटनं विकली असती!"

*

मग सचोटीची नियमावली करायची ठरली. सोनवणे सरांनी ती एका दुपारीत लिहून दिली. मला कौतुक वाटलं. पण हाताला सवय लागलेली, मी ती सॉफ्टवेअरला लावली. ब्याण्णव टक्के उचललेली! 'मजकूर चोरणे हा गंभीर गुन्हा आहे' हे प्रकरण तर स्वल्पविरामासकट.

सर जराही बिचकले नाहीत. "मॅडम, सत्य सगळीकडे सारखंच असतं."

"असेल सर, पण सतराव्या नियमात कुलगुरू म्हणून दुसऱ्याच विद्यापीठाच्या साहेबांचं नाव आहे."

"मग तेवढं बदला की!"

*

नियमावली झाली, आता शपथ. सगळ्या प्राध्यापकांनी 'मी संशोधनात प्रामाणिक राहीन' अशा कागदावर सही करायची. संध्याकाळी पाच वाजता कागद माझ्याकडे आला. मेकॅनिकलच्या बाराच्या बारा सह्या हजर! पण त्यांच्यातले तिघे तर त्या दिवशी रजेवर होते. आणि सगळ्या सह्यांना शेपूट एकसारखं, सोनवणे सरांच्या सहीला असतं तसं.

"सर, या सगळ्या तुम्हीच केल्यात?"

"अहो, डेडलाइन होती ना! आणि माणसं आहेत सगळी प्रामाणिक, मी ओळखतो त्यांना. दुसऱ्याची सही करायला कितीसा वेळ लागतो?"

मी कपाळावर हात मारून घेतला. दुसरं काय करणार?

*

सरांचा एक पेपर छापायला जायचा होता. लेखकांच्या यादीत पाचवं नाव मामांचं. मामांना कळलं आणि ते तडक सरांच्या केबिनमध्ये. मागोमाग मीही, असली करमणूक कोण सोडतं!

"सायेब, माझं नाव काढा. मी काय लिवलं न्हाई. फकस्त मशीनला तेल घातलं."

"असू द्या मामा, तुमचाही हातभार आहे."

"न्हाई, न्हाई. लई तर आभारात घाला." मामांनी यादीवरून बोट वर नेलं आणि पहिल्या नावावर ठेवलं. "पर मला एक सांगा. तुमी तर तेल बी न्हाई घातलं. मग तुमचं नाव सगळ्यात वर कसं?"

सरांना एकदम मीटिंग आठवली.

*

आता गणेशचं. गणेश कदम लातूरकडचा. चाकणच्या कंपनीत शिफ्ट करून सोनवणे सरांकडे सहा वर्षं पीएचडी करत होता. लेथवर लोखंड कापणाऱ्या टूलच्या टोकाला जी छोटी टिप बसवतात, तिला नवीन कोटिंग दिलं की ती जास्त टिकते, हे त्याला दाखवायचं होतं. वीस टिप तपासल्या. तेरा टिकल्या, सात निम्म्यातच गेल्या. सर म्हणाले, "ते सात आकडे काढ, नाहीतर माझी सही मिळणार नाही."

काढले बिचाऱ्याने. प्रबंध माझ्याकडे आला, ढापलेले चारच टक्के निघाले. मी छान म्हणून शिक्का मारला! सॉफ्टवेअर ढापलेलं पकडतं हो, गाळलेलं नाही पकडत.

तोंडी परीक्षेच्या तीन दिवस आधी तो लायब्ररीत आला. "मॅडम, खोटं एकबी लिहिलं नाही. पण खरं समदं लिहिलं नाही. रात्री जेवण जाईना झालंय. परीक्षेत बोललो तर सहा वर्षं पाण्यात. काय करू?"

आणि मी, सचोटी समितीची सचिव, काय म्हणाले? "गप्प बस बाबा, एवढी परीक्षा होऊन जाऊ दे." आजही आठवलं की माझी मलाच लाज वाटते.

मामा खिडकीशी बसून सगळं ऐकत होते. "कंपनीत मशीनवरचा जॉब फेल गेला की काय करतो रं?"

"लाल डब्यात टाकतो. टॅग लावून. नाव, शिफ्ट, कारण."

"मग ह्या सातांचा डबा?"

"हाय की. लॅबमध्ये, कपाटामागं. सवयच आहे मामा, टॅग लावल्याबिगर हात थांबत नाही."

मामा नुसते "व्हय का" म्हणाले आणि पुन्हा पेपर वाचायला लागले.

परीक्षेला बाहेरगावचे परीक्षक आले; मी आणि मामा हॉलच्या मागच्या रांगेत. वयस्कर, शांत गृहस्थ. त्यांनी प्रबंध चाळला, चष्मा काढला.

"गणेश, एकही टिप फेल नाही? मी चाळीस वर्षं या धंद्यात आहे, मला असं नशीब कधी लाभलं नाही."

सोनवणे सर गणेशकडे बघत मान हलवायला लागले, नाही-नाही अशी. गणेश खाली वाकला, आणि टेबलाखालून लाल डबा काढून परीक्षकांसमोर ठेवला!

परीक्षकांनी एक टिप उचलली आणि तिचा टॅग मोठ्याने वाचला. "नाव, गणेश कदम. शिफ्ट, दुसरी. रिजेक्ट करण्याचं कारण..." ते थांबले. चष्मा घातला. "'रीडिंग बरोबर आहे. सरांना चालत नाही.'"

त्यांनी सातही टॅग वाचले. सातही ठिकाणी तेच कारण, सुवाच्य अक्षरात! खाली 'रिजेक्ट मंजूर करणाऱ्याची सही' ही जागा मात्र सगळीकडे कोरी.

परीक्षकांनी डबा सोनवणे सरांपुढे सरकवला. "सर, ही सात रीडिंग घालून प्रबंध महिन्याभरात पुन्हा आणा, मी याला पीएचडी देतो. पण त्याआधी हे कुणी रिजेक्ट केलं त्याची सही होऊ द्या. नाहीतर मी निघतो."

सर बसूनच राहिले. खिसे चाचपले. गणेश डोळे मिटून उभा.

मागच्या रांगेतून मामांचा आवाज आला. "पेन देऊ का, सायेब?"

मग सरांनी हात पुढे केला.

सात सह्या केल्या त्यांनी. सगळ्या स्वतःच्या!