खंडेनवमीला मांडलेले बूट

फुटबॉल खेळून पोट भरणारा माणूस दसऱ्याला घरी दिसला, की समजावं त्याचं काहीतरी बिनसलंय. आमचा हंगाम नेमका त्याच सुमारास सुरू होतो. इतकी वर्षं माझा दसरा कधी गोव्यात, कधी केरळात, कधी ईशान्येकडच्या एखाद्या हॉस्टेलात गेला. या वर्षी मात्र मी ग्वाल्हेरात, दाना ओलीतल्या आमच्या घरी, आईसमोर पाय लांब करून झेंडूच्या माळा ओवत बसलो होतो. क्लबाने करार वाढवला नाही हे घरी ठाऊक होतं. पण दुसरा कुठला तरी क्लब आज ना उद्या बोलावणारच, याबद्दल आई-बाबांच्या मनात काडीचीही शंका नव्हती.

शंका मला होती, कारण गुडघा माझा होता. उन्हाळ्यात दिल्लीच्या डॉक्टरांनी गुडघ्याच्या स्कॅनची फिल्म उजेडासमोर धरून सांगितलं होतं, की उजव्या गुडघ्यातली गादी झिजून गेली आहे. "आता सोडा. अजून एक हंगाम खेळलात तर पुढे जिना चढायलाही कुणाचा तरी खांदा लागेल." मी समजूतदारपणे मान हलवली, आणि बाहेर येऊन पहिला फोन एजंटला केला, की मी एकदम फिट आहे, कुठे जागा असली तर सांग. घरी मी यातलं अक्षरही बोललो नाही. खेळणं सोडायचं म्हणजे सोडून काय करायचं, हे मला कुणीही शिकवलेलं नव्हतं.

मी सेंटर बॅक. गोलकीपरच्या पुढे, मधोमध उभा राहणारा. गोल मारणाऱ्याचा फोटो पेपरात येतो. आमचा आला तर बहुधा आम्ही जमिनीवर पडलेलो असतो आणि चेंडू जाळ्यात असतो. आमचं काम चोख झालं तर मैदानावर काहीच घडत नाही, आणि काही न घडल्याची बातमी कोण छापणार? बाबांना मात्र हे काम मनापासून पटलं होतं. हॉकीच्या या गावात मी फुटबॉल धरला म्हणून ते बरीच वर्षं घुश्शात होते, पण मी बचावाला खेळतो हे कळलं आणि निवळले. आमचे पूर्वज दख्खनेतून शिपाईगिरी करत इथे आले. "दरवाजा राखायचा, हे आपल्या घराण्याचंच काम आहे," असं बाबा पाहुण्यांना ऐकवतात. त्यांनी स्वतः उभी नोकरी वीज खात्यात लोकांच्या बिलांच्या तक्रारी ऐकण्यात काढली, याची आठवण करून द्यायची आमच्यात कुणाची छाती नाही.

खंडेनवमीला आमच्याकडे शस्त्रं पुजतात. पणजोबांची तलवार त्या एका दिवशी म्यानातून निघते, आणि तिच्या शेजारी ज्याचं जे हत्यार असेल ते बसतं. आईची शिवणाची कात्री, बाबांचा पेचकस, चुलतभावाचा लॅपटॉप. मांडलेल्या वस्तूला दसऱ्याच्या संध्याकाळी सीमोल्लंघन होईपर्यंत हात लावायचा नाही. चुलतभाऊ या नियमाचा मोठा भक्त आहे. लॅपटॉप पूजेत आहे असं साहेबाला कळवून तो सकाळपासून आडवा पडला होता.

माळा झाल्यावर मी देवघरात गेलो, तर तलवारीच्या उजव्या हाताला माझे बूट. आईने ते माझ्या बॅगेतून काढून, तळव्याच्या स्टडमधली माती खिळ्याने कोरून, धुऊन-पुसून मांडले होते. दोन्ही बुटांवर हळदकुंकू, वर एकेक झेंडू.

"दर वर्षी तुझे शाळेतले जुने बूट ठेवत होते," ती म्हणाली. "या वर्षी असली मिळाले. आता उद्यापर्यंत हात नको लावू हं."

मी हात कशाला लावतोय, असं मनात म्हणालो आणि जेवायला बसलो.

जेवून उठतो तो एजंटचा फोन. खालच्या लीगमधल्या एका क्लबाचा सेंटर बॅक सरावात पाय मोडून बसला होता. त्यांना घाई होती. "रात की गाड़ी पकड़ो, कल शाम को ट्रायल है. कोच तुम्हें जानता है, बस एक बार देखना चाहता है." कोच मला ओळखतच होता. एके काळी तो माझ्या डाव्या बाजूला खेळायचा आणि प्रत्येक चुकीला माझ्याकडे बोट दाखवायचा.

मी फोन ठेवायच्या आत घरात दिवाळी झाली. आईने रस्त्यात खायला दशम्या करायला घेतल्या. बाबांनी इस्त्रीचे कपडे काढले, माझे नव्हे, स्वतःचे. मला स्टेशनवर सोडायला यायचं होतं त्यांना. आणि मग आम्हा तिघांच्या लक्षात एकदमच आलं, की बूट पूजेत आहेत.

"नवे घेतो," मी म्हणालो आणि निघालो. बाड्यावरच्या बाजारातली दुकानं पालथी घातली, तिथून टेम्पोने पडाव भागातल्या खेळाच्या दुकानांत गेलो. बॅटी, पॅड, हेल्मेट हवी तेवढी. एका दुकानदाराने शोधून शोधून फुटबॉलचे बूट काढले, तर ते माझ्या पायाच्या बोटांना जेमतेम येतील एवढे. "भैया, यहाँ तो क्रिकेट ही चलता है," तो म्हणाला, जसा काही हा नियम मीच मोडत होतो.

त्या दुकानातून रिकाम्या हाताने बाहेर पडलो आणि मला हलकं वाटलं. इतकं हलकं, की मी ऑटोवाल्याशी घासाघीसही केली नाही. आता मला कुणी संपलेला म्हणणार नव्हतं. जाणारच होतो, पण नवमी आडवी आली, असं मी जन्मभर सांगू शकलो असतो. त्या दिवशी ग्वाल्हेरात माझ्या मापाचे बूट नसावेत, अशी प्रार्थना मी दुकानोदुकानी मनातल्या मनात करत होतो, हे मला परतीच्या वाटेवर समजलं. त्याची लाज वाटली, आणि लाज वाटूनही आनंद गेला नाही.

घरी आलो, सांगितलं, चेहराही बेताचा पाडला. बाबा बाथरूममध्ये जाऊन हातपाय धुऊन आले, पूजेपुढे बसले, हात जोडले आणि बूट उचलले.

"अहो!" आई ओरडलीच. "उद्याच्या आधी उठवतात का कधी?"

"बोलावणं आल्यावर तलवार पूजेत आहे असं सांगून कुणी घरी बसलं होतं का आपल्यात?" बाबा म्हणाले. सोवळ्याओवळ्याच्या बाबतीत घराला धारेवर धरणारा हा माणूस. उभ्या आयुष्यात त्यांनी पूजा मोडली नव्हती. "काय दोष लागायचा तो मला लागू दे. चल, गाडीची वेळ होते आहे."

त्यांनी बूट माझ्यापुढे धरले. हळदीची बोटं चामड्यावर तशीच होती. मी हात पुढे केला नाही.

"बाबा, मला नाही जायचं."

"का?"

"गुडघा गेलाय. उन्हाळ्यातच डॉक्टरांनी सोडायला सांगितलं होतं."

बाबा बुटांकडे पाहत राहिले. मग माझ्याकडे. मला वाटलं, आता ते भडकतील. तेच बरं झालं असतं.

"मग मला उचलू का दिलेस?" एवढंच त्यांनी विचारलं.

पूजेतून उठवलेली वस्तू परत मांडता येत नाही आणि ती त्यांना खाली जमिनीवरही ठेववेना. ते तसेच बूट छातीशी धरून उभे राहिले. त्यांच्याकडे पाहवेना म्हणून मी एजंटला फोन लावला. "मैं नहीं आ रहा. छोड़ दिया मैंने खेलना." हे वाक्य मी पहिल्यांदाच तोंडाबाहेर काढत होतो. मला वाटलं, तो कारण विचारेल, समजावेल, निदान अरेरे म्हणेल. "ठीक है, फिर मैं दूसरे को बोलता हूँ," तो म्हणाला आणि फोन बंद झाला. माझ्या खेळण्याचा निरोपसमारंभ एवढाच.

आई स्वयंपाकघराच्या दारात उभी होती, पिठाचे हात तसेच. ती जवळ आली आणि माझ्या पायाशी खालीच बसली. तिने उजव्या गुडघ्यावर हात ठेवला. कुठला ते मी सांगितलं नव्हतं.

"जिना उतरताना रोज बघते मी," ती म्हणाली. "वाटायचं, सांगशील. दुखतो का रे?"

आमच्या धंद्यात हे कधी कबूल करायचं नसतं. कुठल्या पायात दुखतंय हे समोरच्या फॉरवर्डला कळलं, की तो बरोबर त्याच बाजूने येतो. डॉक्टरला, ट्रेनरला, कप्तानाला, सगळ्यांना मी एकच उत्तर देत आलो होतो, आणि तेच आताही ओठांवर आलं होतं.

"हो," मी म्हणालो. "खूप दुखतो, आई."