सोडलेला दोर

दिवाळी झाली की घाटावरचा तो धनगर मेंढरं घेऊन पोलादपूरकडे उतरतो आणि खतासाठी आमच्या शेतात बसवतो. त्याचं नाव मी कधी विचारलं नाही. माणसांशी तो दोन शब्द बोलतो, घोडीशी दिवसभर.

"बायकोशी बोलतोस काय रे एवढा?" मी एकदा विचारलं.

"ती कुठं ऐकती, आक्का?"

सगळं बिऱ्हाड त्या घोडीच्या पाठीवर असतं. भांडी, घोंगड्या, कोंबड्या आणि सगळ्यांच्या वर बांधलेली त्याची नात, वर्षाचीही नाही. यंदा डोंगरावरच्या कुडपण गावाहून उतरताना मी त्यांच्या मागेच होते. कड्यावरच्या अरुंद वाटेत घोडीचे मागचे पाय मुरमावरून घसरले. ओझं दरीकडे कललं.

"दोर धर रे, पोर जायल!" मी ओरडले.

त्याने हातात होता तोही दोर सोडून दिला.

पोर किंचाळत होती, तरी तो जागचा हलला नाही. जिभेने हळू चुचकारत राहिला. घोडी थरथरत थांबली आणि एकेक खूर चाचपत वाटेवर आली.

मग तोच मटकन खाली बसला.

"वढलं असतं तर तिचा तोल गेला असता," तो म्हणाला. "आक्का, तू हो तिच्यासंगं. माझं पाय उचलंनात. पर दोर धरू नगंस."

कडा संपेपर्यंत मी डोंगराच्या अंगाने घोडीजवळ चालले. हात सारखा दोराकडे जायचा. शेवटी मी तो हातच पदरात गुंडाळून घेतला.