शिट्टी ज्याच्या गळ्यात

मिळालेली खुर्ची रोज नव्या माणसाला देऊन टाकणाऱ्या मुख्याध्यापिका साऱ्या जगात एकच, आमच्या मोठ्या बाई. आंदर मावळातल्या आमच्या शाळेसमोर ओढा, ओढ्यावर अरुंद साकव, आणि अर्धी मुलं पलीकडच्या वाडीतली. एका पावसाळ्यात एक पोरगी साकवावरून घसरली. वाचली, पण तिला हात द्यायच्या आधी आम्ही सगळे हुकमासाठी बाईंच्या तोंडाकडे बघत उभे राहिलो. ते बाईंच्या फार मनाला लागलं. दुसऱ्या दिवशी त्यांनी स्वतःच्या गळ्यातली शिट्टी काढली आणि खिचडी शिजवणाऱ्या मावशींच्या गळ्यात घातली. "आज शाळा तुमची. लांब शिट्टी म्हणजे थांबा, दोन आखूड म्हणजे या."

तेव्हापासून शिट्टी रोज गळे बदलू लागली. आज मावशी, उद्या मी, बाईंच्या हाताखालचा मास्तर, परवा शेजारच्या शेतातले आबा. ज्याच्या गळ्यात शिट्टी, त्याला बाईंची खुर्ची. बाई स्वतः पहिलीच्या बाकावर गुडघे पोटाशी घेऊन बसायच्या आणि पाणी प्यायलासुद्धा परवानगी मागायच्या. आबा संकोचून खुर्चीच्या कडेला टेकायचे, तर बाई दटावायच्या, "नीट बसा आबा, हेडमास्तर असे बसतात का?" त्या दटावणीतही हुकूम त्यांचाच असतो, हे त्यांना कधी कळलं नाही.

एकदा तपासणीला साहेब आले. त्यांना आणायला बाई पलीकडे गेल्या, तेवढ्यात पाणी साकवाला लागलं. शिट्टी त्या दिवशी मावशींकडे; त्यांनी लांब वाजवली. साहेब खवळले. मावशी अलीकडून ओरडल्या, "सायेब असू दे न्हाईतर कोनी बी, तितंच थांबा! पानी लय हाय!" भर पावसात साहेबांच्या डोक्यावर छत्री धरून बाई कौतुकानं सांगत होत्या, "बघा, मलासुद्धा सोडत नाहीत!" स्वतः मात्र चिंब भिजल्या होत्या. इतक्या खुशीत मी त्यांना पुन्हा पाहिलं नाही.

गेल्या मार्चमध्ये बाई निवृत्त झाल्या. निरोपाचा नारळ पिशवीत टाकून त्या साकवापाशी गेल्या आणि थांबल्या. ओढा ठणठणीत कोरडा. शिट्टी त्या दिवशी माझ्या गळ्यात होती. "वाजवा की सर, मी उभी आहे," त्या पाठमोऱ्याच म्हणाल्या. मला फार वाईट वाटत होतं. दोन आखूड वाजवायच्या होत्या. मी एक लांब वाजवली.

बाई थांबल्या. हातात पिशवी धरून त्या तशाच कितीतरी वेळ उभ्या राहिल्या. शिट्टीपुढे बाईंचं कधी काही चालत नसे.