आम्ही सडक बघायला पोखर्णीला गेलो

लोक पोखर्णीला नरसिंहाच्या दर्शनाला जातात. मी गेले ती सडक बघायला. निजामाचं संस्थान भारतात विलीन झाल्यानंतरची ती वर्षं. लग्न होऊन मी नुकतीच मानवतला आले होते आणि आमचे 'हे' सडकेच्या खात्यात ओव्हरसियर होते. जत्रेच्या आत पोखर्णीच्या अलीकडचं एक अवघड वळण सुधारायचं काम त्यांच्याकडे होतं. एका सकाळी त्यांनी सहज विचारलं, येतेस का? त्यांचा चहा संपायच्या आत मी लुगडं बदलून दारात उभी होते. सासूबाई म्हणाल्या, सडकेत काय बघायचंय, माती अन् खडी. पण मला मानवत सोडून कुठंही जायला मिळालं असतं तरी चाललं असतं!

परभणीपर्यंत मोटार. मागच्या बाकावर बसायची चूक मी केली, तुम्ही करू नका. तिथं माणूस बसत नाही, उडतो. तिकिटाचे पैसे निजामाच्या जुन्या हाली नाण्यांत की भारत सरकारच्या कलदारात, यावरून कंडक्टरची एका म्हाताऱ्याशी बरीच हुज्जत चालली आणि ती मिटेपर्यंत मोटार जागची हलली नाही. परभणीच्या अड्ड्यावर गरम भजी खाल्ली आणि दुसऱ्या मोटारीनं पुढं निघालो. उन्हाळा, फुफाटा, पदराचा रंग ओळखू येईना. मग अचानक नवी दाबलेली सडक लागली. रुंद, सपाट, बैलगाड्यांना कडेनं मुरमाची वेगळी पट्टी. पोटातलं पाणी हलेना. मी ह्यांच्याकडे असं बघितलं की ते लाजून खिडकीबाहेर बघायला लागले.

वळणाशी आम्ही उतरलो. तिथं दाट बाभळी होत्या, त्या ह्यांनी काढून घेतल्या होत्या, त्यामुळे समोरचं दिसायला लागलं होतं. खरी अडचण मेंढरांची होती. रखमाबाई नावाच्या धनगरणीचा कळप रोज तळ्यावर पाण्याला जायचा आणि दोन्ही बाजूंना शेतांचे बांध असल्यानं नेमका वळणावरच सडकेवर चढायचा. मागच्या जत्रेत मेंढरं वाचवायला एक मोटार वळली आणि बैलगाडीवर गेली. बैल दगावला. तेव्हापासून कळप सडकेवर असेपर्यंत ही पन्नाशीची बाई काठी आडवी धरून मोटारीसमोर उभी राहायची.

खात्याचा हुकूम आला होता की जत्रेच्या आधी सडक मेंढरांना बंद करा. उपाय एकच होता, वळणालगतच्या शेताच्या कडेनं तळ्याकडे वाट काढायची. ते शेत ग्यानबाचं. तो कितीदा सांगूनही ऐकत नव्हता. आज वाट, उद्या वावर मागाल, एवढंच त्याचं उत्तर. त्या दिवशीही तेच झालं. शेवटी ह्यांनी रखमाबाईला हुकूम सांगितला.

रखमाबाई म्हणाली, "सायेब, सडक सरकारची हाय, आमी न्हाई मनत न्हाई. पर मेंढरं पाणी कुटं पितील?"

मग ती ग्यानबाकडे वळली. आमच्याकडे पेरणीआधी शेतात मेंढरं बसवतात. रात्रभर कळप तिथं बसतो, जमिनीला खत मिळतं आणि शेतकरी त्याबद्दल धनगराला धान्य देतो. ती म्हणाली, "बापू, दरसाल पयल्यांदा तुज्या वावरात कळप बसवते. धान्य नको. वाट दे."

ग्यानबानं तंबाखू मळली, तोंडात टाकली आणि स्वतःच बांधावरचं काटेरी कुंपण ओढायला लागला. मला इतका आनंद झाला की मीही ओढायला गेले आणि हात ओरबाडून घेतले!

पण कळप हलेना. मेंढरं शेळीच्या मागं चालतात, आणि पुढची काळी शेळी नेहमीसारखी सडकेवर जाऊन उभी राहिली. तेवढ्यात मोटार आली, पाठोपाठ गाड्यांची रांग. ड्रायव्हर हॉर्न वाजवून वाजवून दमला, प्रवासी उतरून सल्ले द्यायला लागले. रखमाबाईनं काठी खाली टाकली, शेळीचं करडू उचलून छातीशी धरलं आणि मागं न बघता नव्या वाटेनं चालू लागली. करडू ओरडलं. शेळीनं मान वळवली, एक उडी मारून ती वाटेवर आली आणि सगळा कळप पाण्याच्या लोटासारखा तिच्या मागं गेला. सडक मोकळी झाली. प्रवाशांनी टाळ्या वाजवल्या, सगळ्यांत मोठ्यानं मी.

दुपारी ग्यानबाच्या घरी भाकरी, पिठलं आणि डोळ्यांतून पाणी काढणारा ठेचा. संध्याकाळी नरसिंहाचं दर्शन, मुक्काम धर्मशाळेत. जाणार असाल तर मुक्काम जरूर करा. सकाळी देवळात शांतता असते आणि पुजारी निवांत बोलतात.

दुसऱ्या दिवशी परतीची मोटार वळणावरून न थांबता निघाली. मी खिडकीतून डोकं बाहेर काढलं. मेंढरं कडेच्या वाटेनं तळ्याकडे निघाली होती आणि रखमाबाई बांधावर बसून भाकरी खात होती.

घरी आल्यावर सासूबाईंनी विचारलं, काय बघून आलीस एवढं?

मी म्हणाले, "मोटार आली तरी उठली नाही, अशी एक बाई बघितली."