बे त्रिक पाच

आमच्या गावच्या शाळेचा इतिहास विचारला, की लोक पत्र्याच्या खोलीकडं बोट दाखवतात. अहो, ती खोली लई उशिरा आली! त्याआधी शाळा मारुतीच्या पारावर भरायची, अन् बहात्तरच्या दुष्काळात तर चक्क तलावाच्या कामावर भरली.

त्या साली अख्खं गाव पाझर तलाव खोदायला गेलं. मागोमाग आमी पोरंही टोपली उचलायला गेलो. पारावर गुरुजी एकटेच उरले. मग वरून निरोप आला, शाळा तपासायला साहेब येतील, पोरं दिसली न्हाईत तर शाळा बंद. दुसरी शाळा ओढ्यापल्याड, लांब. वडील आधीच बोलले होते, "पोरीला तिकडं धाडायची न्हाय. इथं हाय तवर शीक."

गुरुजी कसले ऐकतायत! फळा डोक्यावर घेतला अन् कामावरच्या बाभळीखाली शाळा मांडली. त्यांची तऱ्हाच न्यारी. पाढा सांगताना मुद्दाम चुकायचे. कामावर दुपारी सरकारी सुकडी, भाजल्या पिठाचा खाऊ, वाटायचे; चूक आधी पकडेल त्याला ती मूठभर जास्त. त्या गोड सुकडीपायी आमी कान टवकारून बसायचो.

एक दिवस जीप आली. लहान पोरं कामावर दिसली तर आईबापाचं काम जायचं, म्हणून जीपची धूळ दिसली की बाया पोरांना खड्ड्यात दडवायच्या. त्या दिवशीही दडवलं. बाभळीखाली बसलेली पोरंसुद्धा ओढून नेली. अन् जीप नेमकी शाळेच्या साहेबांची!

"कुठाय हो तुमची शाळा?" साहेबांनी विचारलं.

गुरुजींनी हाका मारल्या. पण हा कामावरचाच साहेब, त्याच्या धाकानं गुरुजी बोलावतायत, असं बायांना वाटलं. एकीनंही पोर सोडलं न्हाय. आईचा हात माझ्या तोंडावर गच्च होता. गेली शाळा, माझ्या मनात आलं, अन् डोळे भरले.

तेवढ्यात गुरुजी फळ्याकडं वळले अन् ओरडले, "बे एके बे! बे दुणे चार! बे त्रिक पाच!"

मला कुठलं राहवतंय! आईचा हात हिसडून मी बोंबलले, "सहा!"

झालं! खड्ड्याखड्ड्यातून "सहा! सहा, गुरुजी!" मातीनं माखलेली डोकी वर आली. साहेब पोट धरून हसायला लागले.

"ही पहिली कोण ओरडली? कुणाची पोर?"

आई उभी राहिली. "माझी हाय, साहेब. कामाला न्हाय आणली. शिकायला आणलीया."

साहेब म्हणाले, "मग शाळा चालू राहू द्या."

आईनं माझं टोपलं आपल्या टोपल्यात घातलं अन् मला बाभळीखाली ढकललं. "जा, बस तिथं. आजपासून तुझ्या वाटची माती मी वाहीन."

दुपारी सुकडी वाटताना मी जास्तीच्या मुठीसाठी ओंजळ पुढं केली. गुरुजींनी ती मूठ आईच्या पदरात टाकली.