बाबा आणि कमरेएवढं पाणी

बाबांना इंग्लंडला न्यायचं ठरलं ते माझ्या धाकट्या भावाच्या, रॉबीच्या हट्टामुळे. आई गेल्यापासून बाबा पाचूबंदरच्या घरात एकटेच. मी चंदनसारला तिसऱ्या मजल्यावरच्या फ्लॅटमध्ये. तिथे ते दोन दिवस राहतात आणि तिसऱ्या दिवशी लिफ्टकडे गुन्हेगारासारखं बघायला लागतात. रॉबी बर्मिंगहॅमला. त्याने बाबांसाठी खोली रंगवली, कायमचं राहायचे कागद जमवले. फक्त बाबांचा होकार राहिला होता, म्हणून मी बाबांना घेऊन महिनाभर त्याच्याकडे राहायला गेले. बाबा गेले तीन आठवडे "बघू" एवढंच म्हणत होते आणि आमचं परतीचं विमान पाच दिवसांवर आलं होतं.

मग रॉबीने शेवटचं आमिष काढलं, कालव्यातली बोट. चाळीस वर्षं मासेमारी केलेल्या माणसाला नाव दाखवली की तो विरघळेल, असा त्याचा हिशेब. इंजिनिअर माणसं असाच विचार करतात.

जाणाऱ्यांसाठी आधी कामाचं सांगते. या बोटी एका दिवसासाठी भाड्याने मिळतात. सुट्टीचा वार टाळलात तर शंभर पौंडांच्या आत-बाहेर पडतं, डिझेल त्यातच. परवाना लागत नाही. पहिल्यांदा जाणाऱ्याने लॉक नसलेला टप्पा मागावा, नाहीतर निम्मा दिवस पाण्याचे दरवाजे उघडण्यात जातो. मे महिना असला तरी स्वेटर न्या. आणि सुकटाची चटणी नेणार असाल तर डबा घट्ट बंद करा. आमच्या डब्याने रॉबीच्या गाडीचं जे केलं ते तो अजून सांगतो.

बोट पाहून बाबा थबकले. लांबलचक, अरुंद, गडद हिरवी, खिडक्यांना पडदे.

"ही बोट? ही तर चाळ हाय."

बोटी भाड्याने देणाऱ्या यार्डातल्या माणसाने वीस मिनिटं शिकवलं. सुकाणू डावीकडे ढकललं की बोट उजवीकडे वळते, हे त्याने बाबांना हातवारे करून तीनदा समजावलं. बाबांनी तीनदा मान डोलावली. घास तोंडात घालायचा असतो, असं कोणी आपल्याला समजावलं तर आपण जशी डोलावू, तशी.

"रॉबी, ह्यात पानी किती?"

"कमरेएवढं असेल, बाबा."

"म्हंजे बुडायला लागलं तर उभं राह्यचं."

निघालो. वेग चालणाऱ्या माणसाएवढा. खरं तर त्याहून कमी, कारण काठावरून एक म्हातारी कुत्र्याला घेऊन आमच्या पुढे गेली आणि जाताना गुड मॉर्निंग म्हणाली. दोन्ही बाजूंना झाडं पाण्यावर वाकलेली, मध्येच विटांचा बुटका पूल, बदकांची पिल्लं. सुकाणू रॉबीकडे. बाबा त्याच्या शेजारी हात मागे बांधून उभे. आईच्या आजारपणात त्यांनी नाव विकली, तेव्हापासून ते धक्क्यावरही जात नव्हते.

दुपारी एका पबसमोर बोट बांधली. इथे काठावर लोखंडी खुंट्या ठोकायच्या आणि पुढे-मागे दोर बांधायचे. खुंट्या रॉबीने ठोकल्या. दोर हातात घेतला तेवढ्यात बाबा म्हणाले, "आन इकडं." त्यांनी दोन्ही गाठी अशा मारल्या की मी बघतच राहिले. किती महिन्यांनी ते हात असे चालत होते.

आत मासा आणि बटाट्याच्या फोडी मागवल्या, माणशी सात पौंड. बाबांनी मासा उलटापालटा करून पाहिला. "ह्याला काय झालंवतं?" मी खाली वाकून चटणीचा डबा उघडला. तेवढ्यात बाहेरून टोपीवाला एक म्हातारा आत आला आणि अगदी अदबीने म्हणाला, की तुमची बोट फिरायला निघालेली दिसते.

बाहेर येऊन पाहतो तर आमच्या चाळीने कालवा आडवा अडवलेला. दोन्ही बाजूंना एकेक बोट थांबलेली. ना हॉर्न, ना शिवी. एक बाई तर चहा पीत बसली होती. दोर तुटला नव्हता, गाठ सुटली नव्हती. बाबांनी दोराला दहा-बारा हात ढील ठेवली होती. भरती-ओहोटीला नाव वर-खाली व्हायची, म्हणून आयुष्यभर ठेवत आले तशीच.

रॉबीने दोर ओढून बोट काठाला आणली. हळूच म्हणाला, "बाबा, इथे ओहोटी नसते."

"मला म्हाईत नाय? हात ऐकत नाय." मग ते गवतावर बसले. पाण्याकडे बोट केलं. "इथं पानी कायम असंच?"

"हो."

"जात नाय, येत नाय. मग मानूस वाट कशाची बघनार, रॉबी?"

रॉबीला कळलं. माझ्याकडे न बघता तो खुंटी उपटायला लागला, आणि ती जरा जास्तच वेळ उपटत राहिला.

परतीला त्याने सुकाणू बाबांकडे दिलं. चार वळणं आणि दोन पूल, आमची चाळ मधोमध, कुठे खरचटली नाही. यार्डात पोहोचल्यावर दोर रॉबीने बांधले. यार्डातला माणूस आला, त्याने गाठ सोडली आणि ताणून पुन्हा बांधली. रॉबीनेही ढील ठेवली होती. मुद्दाम की नकळत, हे मी विचारलं नाही. बाबांनी मात्र ते पाहिलं. त्याच्या मानेवर हात ठेवला, लहानपणी ठेवायचे तसा, आणि गाडीपर्यंत तो काढला नाही.

पाच दिवसांनी बाबा आणि मी परत आलो. अशी सहल करावी का, असं विचारणाऱ्यांना मी सांगते, जरूर करा; फक्त तिथे कोणाचा होकार मिळवायला जाऊ नका. बाबा आता पुन्हा धक्क्यावर जातात. दुसऱ्यांच्या नावांना नावं ठेवतात, तब्येतीला ते उत्तम आहे.

रॉबी दर रविवारी फोन करतो. पूर्वी विचारायचा, "बाबा, काय ठरवलंत?" आता विचारतो, "आज भरती कितीला?" बाबा वेळ सांगतात. मग दोघंही काही बोलत नाहीत, आणि फोनही ठेवत नाहीत.